वीरगळावरच्या मिशा

परवा टपालात एका परिषदेचं पत्रक आलं. मध्ययुगीन मूर्तिकला, तीन दिवस, राहण्याजेवणाची सोय, निबंध पाठवायची शेवटची तारीख अमुक. पत्रक हातात घेतलं आणि सवयीनं दाराकडं बघितलं. आता दार धाडकन उघडणार आणि "ओ सावंत, काय आलंय बघू" म्हणत मगदूम मॅडम आत शिरणार, असं वाटलं. मॅडमना जाऊन वर्ष होत आलं. पत्रक टेबलावर ठेवलं.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मगदूम मॅडम तिथंच इतिहास शिकवायच्या, पण इतिहासातसुद्धा त्यांचा सगळा जीव दगडात. देवळांच्या भिंतींवरच्या मूर्ती, शिलाहारांच्या काळातले खांब आणि सगळ्यात जास्त वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून कोरून उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. आपल्याकडं मारुतीच्या देवळामागं, ओढ्याच्या काठाला, तालमीच्या दारात असे दगड वाटेल तसे पडलेले असतात. लोक त्यावर धुणं धुतात, म्हशी अंग घासतात. मॅडम मात्र तसला दगड दिसला की मोपेड आहे तिथं उभी करायच्या. साडीवर खेळाचे बूट घालून चिखलात उतरणारी ही बाई कोण, म्हणून गावची माणसं गोळा व्हायची, आणि अर्ध्या तासात त्याच माणसांना मॅडम कामाला लावायच्या. कुणी गवत काढतोय, कुणी पाणी आणतोय.

आवाज म्हणाल तर खणखणीत. लायब्ररीतली त्यांची खुर्ची बरोबर 'शांतता राखा' या पाटीखाली, आणि त्या पाटीचा अपमान त्या रोज सकाळी करायच्या. जन्म कागलच्या बाजूचा, शेतकऱ्याचं घर. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी, पण राग आला किंवा आनंद झाला की घरचं बोलणं बाहेर यायचं. मग आमच्याकडच्या बायका बोलतात तसं "मी येतो, मी सांगतो" सुरू व्हायचं. ते सुरू झालं की समोरच्यानं ओळखायचं, आता सुटका नाही.

रोज सकाळी त्यांचं एकच काम. टपाल चाळायचं, मग माझा कॉम्प्युटर बळकवायचा आणि कुठं काय निघालंय ते शोधायचं. कुठं मूर्तिकलेचं शिबिर, कुठं संग्रहालयात प्रशिक्षण, कुठं परिषद, कुठं शिष्यवृत्ती. अशी बातमी म्हणजे त्यांच्या लेखी मेथीची जुडी, आजच्या आज खपली पाहिजे. कोणतं पोरगं कुठं जाईल हे डोक्यात पक्कं. मग त्या पोराच्या मागं लागायच्या. कँटीनमध्ये, एसटी स्टँडवर, एकदा तर एकाच्या बहिणीच्या हळदीत गाठून विचारलं, "अर्ज पाठवलास काय?" पोरं त्यांना बघून जिन्यावरून उलटी फिरायची. मी एकदा म्हणालो, मॅडम, एवढ्या खटपटीत तुम्ही गावभरची लग्नं जमवली असती. त्या म्हणाल्या, लग्नं कोणपण जमवतंय.

उचगावच्या एका पोराची गोष्ट सांगतो. बापाचं हार्डवेअरचं दुकान, पोरगा एकुलता एक, आणि मॅडमनी त्याचं नाव लांबच्या एका शिबिरात घालून ठेवलेलं. जुन्या मूर्तींची निगा कशी राखायची ते शिकवणार होते. बाप तापला. दगडं पुसून पोट भरतंय का, आणि महिनाभर दुकानात बसायचं कोणी? मॅडम दुकानात गेल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी बसतो." बापाला वाटलं, बाई बोलायला म्हणून बोलते. पण शिबिर संपेपर्यंत दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मॅडम उचगावात खिळे आणि बिजागऱ्या विकत होत्या. मी मुद्दाम बघायला गेलो तर मला नको असलेला एक कडीकोयंडा गळ्यात मारला. पोरगा आज मोठ्या संग्रहालयात दगडांचा डॉक्टर आहे. बाप सगळ्यांना सांगतो, मॅडम होत्या तेव्हा माझा धंदा वाढला होता.

आमच्याच कॉलेजात एकदा परिषद भरली. उद्घाटनाला आलेले पाहुणे फार मोठं नाव. ते बोलायला उभे राहिले आणि बसायचं विसरले. पुढं निबंध वाचणारी आमची पोरं हातात कागद घेऊन घामाघूम होऊन ताटकळत होती. सत्राच्या अध्यक्ष मॅडम. निबंध वाचणाऱ्याची वेळ संपली की वाजवायची घंटा त्यांच्यापुढं. पण ती घंटा पोरांसाठी असते, पाहुण्यांवर कोणी वाजवत नाही. मॅडमनी वाजवली. पाहुण्यांना वाटलं कॉलेज सुटलं. परत वाजवली. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. मॅडम हात जोडून म्हणाल्या, सर, तुमचं आम्ही छापून आणून वाचू, या पोरांचं ऐकायला परत कोण येणार? त्या वर्षी त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकली ती बरेच दिवस अडकलीच. बोलून दाखवलं नाही त्यांनी कधी.

पण मॅडमची खरी तऱ्हा पुढंच आहे. त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याचा निबंध बाहेर कुठं वाचायला घेतला, की त्यानं तो आधी ज्या दगडावर लिहिलाय त्या दगडापुढं जाऊन वाचायचा. त्या गावात, गावकऱ्यांना बसवून, मोठ्यानं. सतरंजी मॅडम नेणार, चहा गाव देणार. माणसं मध्येच उठून गेली तर निबंध परत लिहायचा. पोरं रडकुंडीला यायची. 'सौंदर्यदृष्टी' आणि 'प्रतिमाव्यवस्था' असले शब्द आले की समोरचे म्हातारे तंबाखू मळायला लागायचे, मग मॅडम पोराकडं नुसतं बघायच्या. एवढ्यानं तो पुढचं पान सोडून सरळ बोलायला लागायचा. ही पोरं मोठ्या परिषदांत जाऊन का चमकतात याचं बाकीच्यांना कोडं पडायचं. मला पडत नव्हतं, सतरंजी उचलायला मीच असायचो.

आता शुभांगीचं सांगतो, कारण मॅडम म्हटलं की मला ती दुपार आठवते.

पन्हाळ्याच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव सांगत नाही, गाव माझ्यावर चिडेल. तिथं चावडीजवळ एक उंच वीरगळ आहे. खाली लढाई कोरलीय, मधे अप्सरा वीराला स्वर्गात नेतायत, वर तो महादेवाची पूजा करतोय. सगळीकडं असतं तसंच. पण खालच्या लढाईत ढालतलवार घेऊन जो मधे उभा आहे, तो गडी नाही, बाई आहे, असं मॅडमना फार पूर्वी दिसलं होतं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या धावत लायब्ररीत आल्या होत्या, टेबलावर हात आपटून म्हणाल्या होत्या, सावंत, ती बाई हाय. केसांचा अंबाडा, हातात भरून बांगड्या. मग एका परिषदेत त्यांनी ते वाचलं. तिथं कोणीतरी उठून म्हणालं, मॅडमना सगळीकडं बायकाच दिसायला लागल्यात, आणि सभागृह हसलं. मॅडम परत आल्या, तो निबंध कपाटात टाकला आणि त्या दगडाचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढं इतक्या पोरांना इतक्या ठिकाणी पाठवलं, पण स्वतः निबंध वाचायला म्हणून कधी कुठं गेल्या नाहीत.

शुभांगी कागलजवळच्या एका खेड्यातली. वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. बोलायला लाजरी, पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. मॅडमनी तिला एवढंच सांगितलं, त्या गावात जा, तो वीरगळ बघ आणि काय दिसतंय ते मला सांग. स्वतःला काय दिसलं होतं ते सांगितलं नाही. पोरगी गेली, परत आली आणि लायब्ररीच्या दारातूनच म्हणाली, "मॅडम, त्यो गडी न्हाय. बाई हाय ती." मॅडम उठल्या, खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सिद्ध कर. पोरीनं दोन वर्षं आसपासची गावं पालथी घातली, ओळीनं वीरगळ बघितले, तुलना केली. तिच्या आधी हे मॅडमनी बघितलं होतं, ही गोष्ट पुढं मीच तिला सांगितली. माझ्या पोटात काही राहत नाही.

याच कामावर शुभांगीला परदेशातली एक शिष्यवृत्ती मिळायची वेळ आली. दोन वर्षं तिकडं राहून मध्ययुगीन मूर्तिकलेचा अभ्यास, सगळा खर्च त्यांचा. पण नुसत्या फोटोंवर शिष्यवृत्तीवाल्यांचा विश्वास बसला नाही. झिजलेल्या दगडावर सावली पडली की कशाचं काय पण दिसतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. म्हणून दक्षिणेकडचे एक वयस्कर प्राध्यापक प्रत्यक्ष दगड बघून कौल देणार होते. इकडं शुभांगीच्या वडिलांनी एका संचालकांना गळ घालून साखर कारखान्याच्या ऑफिसात तिची नोकरी पक्की केली होती. ते वाईट माणूस नव्हते. लायब्ररीत येऊन मॅडमना सरळ म्हणाले, पावणं हो म्हणालं तर पाठवतो, न्हाय म्हणालं तर सोमवारी ती कारखान्यात जाईल, मग तुम्ही तिच्या मागं लागायचं न्हाय. मॅडम म्हणाल्या, ठरलं.

पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात मॅडम त्या गावात जाऊन सरपंच आबांना सांगून आल्या, फार लांबून मोठा माणूस येतोय, दगडाभोवती जरा स्वच्छ ठेवा. आबा म्हणाले, काळजी करू नगा, गावाची इज्जत हाय.

त्या दिवशी आम्ही पाहुण्यांच्या आधी तासभर पोचलो. चावडीपुढं रांगोळी, कमान, स्पीकरवर सनई. आणि वीरगळ! मला आधी दुसरंच काहीतरी उभं केलंय असं वाटलं. नखशिखांत ऑइलपेंट. अप्सरा गुलाबी, आकाश निळं, महादेव काळा कुळकुळीत, तलवारी चंदेरी. गावातल्या बंडू पेंटरनं कालचा अख्खा दिवस खपून काम उरकलं होतं. ट्रॉलीच्या मागं वाघ काढणारा माणूस तो, हात सुंदर. खालच्या लढाईतल्या सगळ्या वीरांना त्यानं झोकदार पिळाच्या काळ्याभोर मिशा काढल्या होत्या. सगळ्यांना. मधल्या बाईलासुद्धा, आणि ती पुढारी दिसते म्हणून तिच्या जरा मोठ्या.

आबा हसतमुखानं पुढं आले आणि म्हणाले, काय मॅडम, कसं झालंय? मॅडमच्या तोंडून शब्द फुटेना. हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

काय झालंय ते कळल्यावर बंडूचं तोंड एवढंसं झालं. बिचारा पळत जाऊन थिनरचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन आला, आत्ता काढतो म्हणाला. ब्रश दगडाला लागणार तोच मॅडमनी त्याचं मनगट धरलं.

"रंग आज ना उद्या निघंल बंडू. तारंनं तिचं नाक गेलं तर ते कोण आणून देणार?"

शुभांगी म्हणाली, मॅडम, घासू दे, नाहीतर माझं काही खरं नाही. मॅडमनी मान हलवली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण ब्रश काही लावू दिला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला मॅडमचा संताप आला. पोरीचं आयुष्य टांगलेलं, आणि ह्या दगडाचं नाक सांभाळतायत. मी तसं बोललोही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

पाहुणे आले. काठीसारखे बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, तोडकंमोडकं हिंदी बोलणारे. हार झाला, नारळ झाला. मग ते वीरगळापुढं उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मॅडमनी काही लपवलं नाही. काल रंगवलाय, गावानं तुमच्या मानासाठी रंगवलाय, आणि ज्या बाईसाठी तुम्ही आलात तिला मिशा आहेत, असं सगळं सांगून टाकलं. पाहुणे सभ्य माणूस. गावाचे आभार मानले आणि म्हणाले, आता मी बघू तरी काय? चष्मा काढून खिशात ठेवला. आबांची मान खाली गेली होती. शुभांगीचे वडील टेम्पोला टेकून उभे होते, ते सरळ झाले.

मॅडम म्हणाल्या, चष्मा काढलाय तेच बरं झालं. आता डोळे मिटा.

पाहुण्यांना वाटलं आपली थट्टा चाललीय. पण मॅडमनी त्यांचा हात धरला, आपल्या घरच्या म्हाताऱ्याचा धरावा तसा, आणि डावीकडच्या शत्रूच्या ओठांवर नेला. रंग वाळला होता. रंगाच्या खाली दगडाची मिशी होती, बोटाला लागेल अशी उंच. उजवीकडच्याचीही तशीच. मग हात मधे आणला. पाहुणे चाचपत राहिले. वर काळाभोर पीळ होता, खाली काही नव्हतं, नुसता गुळगुळीत ओठ. मॅडमनी हात सोडला आणि शुभांगीला म्हणाल्या, पुढचं तू दाखव. आणि ती लाजरी पोर पुढं झाली. तिनं पाहुण्यांची बोटं मानेमागच्या अंबाड्यावर नेली, मग मनगटावर, मग वर कोपरापर्यंत एकेका बांगडीवरून, आणि सोबत सांगत गेली, दुसऱ्या कुठल्या गावात असा अंबाडा आहे, कुठं नाही, का नाही. सगळं गाव पुढं सरकून बघत होतं. सनई कोणीतरी बंद केली होती. पाहुण्यांचे डोळे मिटलेले आणि चेहरा उजळत चाललेला.

डोळे उघडून ते हिंदीत म्हणाले, बाईच आहे. मग शुभांगीकडं वळून त्यांनी विचारलं, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? कौल लिहिताना मला ते सांगावं लागेल.

शुभांगीनं तोंड उघडलं. "सर, खरं तर मॅडमनी..."

"हिच्याच," मॅडम मधेच म्हणाल्या. "मला तर तो गडीच वाटायचा. हिनं येऊन सांगितलं तेव्हा मी हिला वेड्यात काढलं होतं."

इतकं सफाईदार बोलल्या की क्षणभर मलाही खरं वाटलं. शुभांगी माझ्याकडं बघत राहिली, मी वीरगळाकडं. पाहुण्यांनी मान डोलावली. मागं उभे असलेले तिचे वडील उपरण्यानं डोळे पुसत होते, त्यांना एवढंच कळलं होतं की पोरगी जिंकली.

परत येताना मी मोपेडवर मॅडमच्या मागं बसलो होतो, सतरंजी मांडीवर. रंकाळा तलाव आला तसं मला राहवलं नाही. म्हटलं, मॅडम, तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत, प्राचार्यांशी नाही, मंत्र्यांशी नाही, आणि आज स्वतःचीच गोष्ट खोटी ठरवलीत? त्यांनी मोपेड बाजूला घेतली, उभी केली, पण मागं वळल्या नाहीत.

"मला हसले तवा मी घरी जाऊन गप बसलो, सावंत. मी एकटा न्हवतो, माझ्याबरोबर त्या दगडावरच्या बाईलाबी गप केलं. ही पोरगी गप बसली न्हाय. मग शोध कुणाचा?"

इतकी वर्षं ती गोष्ट त्यांना आत सलत होती आणि रोज समोर बसूनही मला कळली नव्हती. त्यांनी मोपेड सुरू केली आणि वाटेत मला मिसळ खायला घातली. तर्री जास्त झाली म्हणून मालकाशी भांडल्या.

शुभांगी परदेशी शिकायला गेली. बघता बघता तिचा तिकडच्या एका मोठ्या परिषदेत निबंध लागला आणि तो कॉम्प्युटरवर थेट दिसणार होता. दुपारची वेळ. लायब्ररीत मी खुर्च्या मांडल्या. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, तब्येत उतरली होती, पण आल्या, तेच बूट घालून. शुभांगीचे वडील आले. आबा आले, बंडू पेंटर नवा शर्ट घालून आला.

पडद्यावर पहिलं चित्र मिशांसकट वीरगळाचं. तिकडचे लोक खळखळून हसले. बंडूनं मान खाली घातली. शुभांगी हसणं थांबेपर्यंत थांबली. मग इंग्रजीत, पण गावात वाचावं तसं सावकाश सोपं बोलायला लागली. म्हणाली, या मिशा आमच्या गावानं पाहुण्यांच्या मानासाठी काढल्या, म्हणून त्यांना हसायला माझी हरकत नाही. पण या मिशांच्या मागं जी बाई आहे, ती मला सापडलेली नाही. माझ्या जन्माच्या सुमारास ती माझ्या मॅडमनी पाहिली आणि अशाच एका सभागृहात सांगितली. तेव्हा लोक त्यांना हसले होते. त्यांनी सांगितलेलंच मी आज पुढं सांगणार आहे. मग तिनं मॅडमचं पूर्ण नाव घेतलं, अगदी वडिलांच्या नावासकट, आणि तिकडचं अख्खं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

आम्ही सगळे मॅडमकडं वळलो. त्या पडद्याकडं बघत नव्हत्या. पर्स उचलून काखेत मारली होती, पदर डोळ्यांशी नेला आणि खुर्चीवरून उठल्या.

"बघा तुम्ही. माझा तास हाय. येतो मी."

तास कसला, कॉलेज सोडून त्यांना कितीतरी महिने झाले होते. बंडू पेंटर उठला आणि त्यानं दार उघडून धरलं. मॅडम व्हरांड्यातून गेल्या, खाली मान घालून, घाईघाईनं, घंटा होऊन गेलीय आणि पोरं वर्गात वाट बघतायत अशा थाटात.